तिसऱ्या हाकेची ओ

अण्णा,

वाचनालयाची मागची खोली पाडणार असं कळलं, म्हणून परवा परतूरला जाऊन आले. तुम्ही गेलात तेव्हा जेवढे होतात, त्याहून मी आता मोठी आहे. गुडघे कुरकुरतात, पण गेले. घरात आता तुमचा आवाज कुणालाच आठवत नाही. मला आठवतो, आणि सगळ्यात जास्त आठवतो तो त्या दुपारचा.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मासिकांच्या नोंदीचे नियम बदलले होते आणि आसपासच्या गावांच्या ग्रंथपालांना ते शिकवायचं काम तुमच्या गळ्यात पडलं होतं. मीही नुकतीच नोकरीला लागले होते, म्हणून रविवारी वाचनालयात तुमच्यासमोर बाकावर बसायची. घरात अण्णा, तिथं सर! पूर्वी मासिकानं नाव बदललं की जुनं नाव खोडून सगळे अंक नव्या नावाच्या कार्डाखाली ओढायचे. आता प्रत्येक नावाला त्याचं स्वतंत्र कार्ड. जुन्यावर शेवटचा अंक लिहायचा, पुढे कोणत्या नावानं निघतं ते लिहायचं, आणि कार्ड बंद करायचं. आष्टीचे गुरुजी वैतागले होते. "सर, हे काय लावलंय? एकाच मासिकाला दोन कार्डं! खर्चा वाढून राह्यला नुस्ता."

तुम्ही म्हणालात, "गुरुजी, ज्या नावानं ते घरोघर गेलं, त्या नावानं उद्या कुणी मागाया आलं, मंग? न्हाई म्हणून वापस लावता का त्याला?"

पण कार्ड बंद करायला तुमचा हात जड व्हायचा. रेल्वेनं येणारे अंक कुठंकुठं अडकून पडायचे, आणि बंद केलेल्या नावाचा अंक महिन्यांनी उगवायचा. म्हणून तुमची ती रीत. शाईनं रेघ मारण्याआधी उभं राहायचं आणि त्या मासिकाला नावानं तीन हाका मारायच्या. आईनं तर घरात धाकच घातला होता, तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची न्हाई, काय सांगावं कोण बोलवून राह्यलं! तुम्ही तेच कार्डांना लावलंत. "कुणी ओ दिली तर बंद करायचं न्हाई," असं हसत म्हणायचात, आणि वर्गही हसायचा.

त्या रविवारी एका बायकांच्या मासिकाचं जुनं नाव बंद करायचं होतं. तुम्ही हाक मारता. दुसरी मारता. तिसरी मारता आणि मागच्या बंद खोलीतून बाईचा आवाज येतो, "ओ."

म्हातारीचा आवाज, जरा घोगरा. गुरुजी म्हणाले, शिपायाची चेष्टा असंल. शिपाई तर समोर अंगणात नळावर घागर भरत होता. "कोण हाय?" तुम्ही विचारलंत. उत्तर नाही. कडी बाहेरून होती, ती काढून तुम्ही आत गेलात. बांधीव अंकांची कपाटं, दुसरं कुणी नाही. बाहेर आलात तेव्हा तुमचा चेहरा उतरला होता. पेनाला टोपण लावलंत आणि ते कार्ड तसंच उघडं ठेवलंत. संध्याकाळी पोळी मोडता मोडता मला हळूच विचारलंत, "आवाज वळखीचा वाटला का गं?" मी न्हाई म्हणाले, आणि ते खरंच होतं.

परवा त्या खोलीत मी एकटीच गेले. भर दुपार. कपाटं नेलेली, भिंतींवर नुसते त्यांचे डाग. दार मागं आपोआप लोटलं गेलं, बाहेरून कडी पडली. आणि अण्णा, बाहेरून तुम्ही हाक मारलीत. तेच मासिक, तेच जुनं नाव. दुसरी हाक आली. आई कानात ओरडत होती, गप बस पोरी, गेलेल्या माणसाला ओ देऊ न्हाई, घेऊन जातो. पण गप बसले असते तर तुम्ही रेघ मारली असती, आणि ही खोली पडल्यावर तुम्हाला ओ द्यायला जागा कुठं उरणार होती?

तिसऱ्या हाकेला मी ओ दिली. आवाज घोगरा निघाला. तेव्हाच ओळखला मी तो.

मग तुम्ही विचारलंत, "कोण हाय?"

सांगणारच होते. पण इतक्या वर्षांनी तुम्ही माझ्याशी बोललात, ते ऐकतच राहिले. कडी वाजली, दार उघडलं, तर बाहेर खोली पाडणारा गवंडी उभा.

मी होते, अण्णा.