कधीच न थांबणारा विकास

मंगळवार, संध्याकाळ. वाशी.

आज सातवीचे तपासलेले पेपर वाटले. 'शाश्वत विकास म्हणजे काय?' याला मानसीनं लिहिलं होतं, "जो कधीच थांबत नाही तो. उदा. आमच्या घरामागचं बांधकाम." मी लाल फुली मारली होती. पण शाश्वत म्हणजे कायमचं, हे वर्गात मीच सांगितलेलं ना?

ती पेपर घेऊन टेबलापाशी आली. "मॅडम, चुकलं कुठं? पहिलं तिथं तळं होतं, ते बुजवलं. आता टॉवरवर टॉवर. थांबतच नाय."

मी पुस्तकातली व्याख्या ऐकवली: पुढच्या पिढ्यांच्या वाट्याचं न संपवता केलेला विकास. तिनं ती फुलीखाली सुंदर अक्षरात उतरवून घेतली. मग म्हणाली, "पुढच्या पिढ्या म्हणजे आमीच ना, मॅडम?"

हो म्हटलं. जागेवर जा म्हटलं. दरवर्षी पर्यावरण प्रदर्शनात थर्माकोलची खाडी करून बक्षीस घेणारी बाई मी.

ती फुली काही डोक्यातून जात नाही. उद्या खोडून मार्क देईन. पण मग अख्ख्या वर्गाला सांगावं लागेल, की बरोबर उत्तर हेच आहे.