सेप्सिसवरचं माझं प्रेझेंटेशन

५ मार्च, सकाळी ७
लखनौहून साहेबांचा फोन. १२ तारखेला इथे बनारसच्या हॉस्पिटलात आपल्या कंपनीच्या नव्या मशीनचं प्रेझेंटेशन मी द्यायचं. पूर्वांचलात या सुमंतइतकं सेप्सिस कोणाला कळतं, असं ते म्हणाले नाहीत, पण आवाजात होतं. तांबडट बूट घेतले. संकल्प: रोज राजा घाटापर्यंत चालून ते सैल करायचे.

७ मार्च
टाचेला फोड. फुटला. निवेदिता म्हणाली, शुगर आहे, डॉक्टरला दाखवा. बायकोला कोण समजावणार, शुगर बॉर्डरवर आहे. नऊ वर्षं बॉर्डरवरच आहे.
सुरुवात पाठ: "जंतू रक्तात पसरले की शरीर बिथरून स्वतःवरच उलटतं. एकेक तास मोलाचा." वाक्य उत्तम.

९ मार्च
टाच गरम. लाली घोट्याच्या वर चढली. बुटाचा रंग उतरत असावा. दुकानदाराला जाब विचारायचा.
स्लाइड ११ तयार. पूर्वी रक्तातला जंतू ओळखायला दोन-तीन दिवस लागत. आता रक्ताच्या कल्चरच्या बाटलीत जंतू वाढलेले दिसले की आपलं मशीन दीड तासात जंतूचं नाव सांगतं. कोणती दवाई चालणार नाही, तेही. निवेदिता म्हणाली, ही स्लाइड पायाला दाखवा. विज्ञानाची चेष्टा मला खपत नाही.

११ मार्च, सकाळी
हुडहुडी. बुखार १०२. बनारसच्या मार्चचा काय भरवसा! स्लाइड ४ वरची लक्षणं ताडून पाहिली: ताप, थंडी, धाप, धडधड, गोंधळ. माझ्यात चारच आहेत. म्हणजे सेप्सिस नाही.

संध्याकाळी ५
बसवत नाही, पडवत नाही. चार वेळा जिना चढलो-उतरलो, कशासाठी ते आठवत नाही. सकाळपासून लघवी नाही. पाणी कमी पडलं असेल. निवेदिता म्हणते, आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलात चला. उद्या जायचंच आहे. दोन फेऱ्या कशाला?

१२ मार्च
बूट जात नाही. बाईंना म्हटलं, जरा धरा. बाई म्हणतात, अहो, मी निवेदिता. स्लाइड ४. नाही, ११. बूट

१९ मार्च, वॉर्ड
पाच दिवस आयसीयूत होतो म्हणे. इथल्या डॉ. हिमानींनी आज सगळं सांगितलं. आणलं तेव्हा बीपी पार खाली गेलं होतं. रक्त घेऊन लगेच अँटिबायोटिक लावलं. दुसऱ्या सकाळी मशीनने जंतूचं नाव सांगितलं. लावलेली दवाई त्याच्यावर चालणारी नव्हती. बदलली.
मी मान जरा वर करून विचारलं, आपलंच मशीन ना? नाही म्हणाल्या. दुसऱ्या कंपनीचं, महिन्याभरापूर्वीच घेतलेलं. माझं प्रेझेंटेशन साहेबांचा शब्द मोडवेना म्हणून ठेवलं होतं.
असो. कुणाचं का असेना, मशीननेच वाचवलं, असं म्हणालो.
डॉक्टर निवेदिताकडे बोट दाखवून म्हणाल्या, "मशीन तो खून मिलने पर बोलती है. आपको यहाँ ये लाईं."
त्या गेल्यावर निवेदिताने खिडकी लावून घेतली. मग म्हणाली, "मला बाई म्हणालात, तेव्हा मी घाबरले."
मी म्हटलं, मीही घाबरलो होतो.
कधी, तिने विचारलं.
नऊ तारखेलाच, लाली वर चढली तेव्हा, म्हणालो.