ताईचं गोल बटण

प्रिय ताई,

तू आखलेलं गोल बटण आज मी ऑफिसच्या डिझाइन सिस्टिममधून, म्हणजे सगळ्या स्क्रीनसाठीच्या तयार भागांच्या संचातून, काढून टाकलं. आधी त्यावर 'नव्या कामात वापरू नये' अशी खूण केली, मग एकेका स्क्रीनवर नवं चौकोनी बसवत गेले. शेवटी हॉस्पिटलच्या खाटेजवळची, नर्सला बोलवायची स्क्रीन उरली. आजारी आईचं थरथरतं बोट चुकू नये म्हणून तिथलं बटण तू वाटीएवढं केलं होतंस. नवं होतं नखाएवढं. ते मी बसवेना.

"बाई, जुन्यात जीव अडकलाय वाटतं?" साहेबांनी चिडवलं.

"जुन्यात नाही हो, त्या बोटांत," मी म्हटलं.

तू हयात असतीस तर कडाडली असतीस. आज दोघींच्या वाटचं मी एकटीच भांडले. बटण चौकोनीच बसलं, पण तुझ्या बटणाएवढं मोठं.

तुझीच,
धाकटी