खोडरबर अनगोळात

निपाणी, ८ सप्टेंबर २०२५

ती. स्व. ब्राह्मी आत्यास,
त्रिशलाचा सा. न., जय जिनेंद्र. वि. वि.

आज क्षमावाणी. आजोबांच्या शिस्तीप्रमाणे घरातल्या प्रत्येकाने आपल्या हाताने क्षमेची पत्रं लिहायची, म्हणून हे. वर्षभरात नकळत तुला दुखावलं असेल तर क्षमा कर.

आणि एक कळत झालंय. दहावीच्या पहिल्या चाचणीत मी गणिताचा पेपर कोरा दिला. तुझ्यासारख्या गणिताच्या बाईंची भाची आणि कोरा पेपर! गेल्या दिवाळीपासून असंच होतंय. एक पायरी चुकली की छाती धडधडते, मग मी सगळंच खोडून टाकते. खोडता यावं म्हणून पेन्सिलीनेच लिहिते. सहामाहीतही असं झालं तर "धाव्वीनंतर पीयूसीला सायन्सचं नाव काढायचं न्हाय" असं आप्पांनी बजावलंय. मला तर सायन्सच हवंय. जेवणसुद्धा जात नाही गं.

रागावलीस तरी पत्र पाठव.
तुझी त्रिशला

अनगोळ, बेळगाव, ११ सप्टेंबर

चि. त्रिशलास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी तुझा राग आला. 'गेल्या दिवाळीपासून' हे पुन्हा वाचलं, तेव्हा माझाच आला. दिवाळीत सगळ्यांसमोर तुझी वही उचलून मी म्हणाले होते, "एवढं बी येत न्हाय व्हय गं तुला?" सगळे हसले, तूही हसलीस. मला वाटलं, झालं. वीस वर्षं शिकवून ही अक्कल!

क्षमा मी मागायची, पोरी. मनापासून मागते.

आता तुझं खोडरबर मला टपालाने पाठव. पेनाने लिही. चुकलं की एक रेघ मार, खाली पुन्हा मांड. धडधडलं तर धडधडू दे, हात थांबवू नकोस. चुकलेली गणितं मला पाठवत जा. बरोबर आलेली नकोत, ती मला येतात.

जेवत जा, नाहीतर मीच येऊन बसेन.
तुझी आत्या

निपाणी, १९ सप्टेंबर

ती. स्व. आत्यास सा. न.

काल सहामाहीचा गणिताचा पेपर झाला. तिसऱ्याच गणितात चुकलं. छाती धडधडली, हात खोडरबर शोधायला लागला; ते तर तुझ्याकडे अनगोळात! मग रेघ मारली. दोनदा मारली, तिसऱ्यांदा जमलं. शेवटचं सुटलं नाही, पण अर्ध्यापर्यंत लिहिलं. मार्क कळायचेत, जीव टांगणीलाच आहे. आप्पा दोनदा विचारून गेले.

तुला क्षमा केव्हाच केली. दिवाळीत मी हसले होते ते रडू लपवायला, एवढं मात्र सांगायचं होतं.

यंदाही दिवाळीला ये. आलीस की माझी वही सगळ्यांसमोर उघड, रेघांसकट.

माया आहे तशीच राहू दे.
तुझी त्रिशला