डावीकडचा तीन नंबर

अब्बा, तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली आणि हाइलची आपली टीम अजून बांधणीतच आहे. काल शुक्रवारी मी मॅचला गेले होते. हो, मी. आता बायकांना स्टेडियममध्ये जाऊ देतात, फॅमिलीचा वेगळा भाग असतो, आणि गाडीसुद्धा माझी मीच चालवत गेले. अर्ध्या तासात दोन गोल खाल्ले. समोरच्या रांगेतला एक गृहस्थ बायकोला समजावत होता, सबर कर, जुने खेळाडू काढलेत, नवी पोरं आहेत, दोन वर्षं द्यायला हवीत. दोन वर्षं! तुम्हीही मला दोन वर्षंच सांगितली होती, तेव्हा मी अकरा वर्षांची होते. एवढ्या काळात माणूस घर बांधतो, पोरींची लग्नं उरकतो, घराला दुसऱ्यांदा रंग देतो. यांचा अजून पायाच चाललाय. दर हंगामाला नवा कोच येतो, हातात खडू घेतल्यासारखा बोलतो, आणि तिसऱ्या मॅचपासून ये रे माझ्या मागल्या. हरले की गवत वाईट, वारा वाईट, रेफ्री वाईट. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण अरबीत असेल तर कुणीतरी यांच्या भिंतीवर रंगवायला हवी.

पण माझा सगळा राग फुटबॉलवरचा नाही, हे तुम्ही ओळखलं असेल. मी इथल्या एका खाजगी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे, आठ वर्षं झाली. वर्षभरापूर्वी माझ्या हाताखाली एक सौदी मुलगी दिली. हुशार आहे, अबोल आहे. काही मोजायचं असलं की ओठातल्या ओठात मोजते, वाहिद, इथनैन, तलाता, आणि मगच हात लावते. मॅनेजरने मला समोर बसवून सांगितलं, ही तयार झाली की जागा तिची, नाही झाली तर तुमचा इथे राहायचा इकामा अजून एक वर्ष वाढवू. म्हणजे मला घरी पाठवायची तयारी मीच करायची, आणि ती चांगली केली म्हणून वर शाबासकी घ्यायची. मी काय केलं ते सांगते. रक्ताच्या ज्या स्लाइड मशीनला नीट कळत नाहीत, त्या मायक्रोस्कोपखाली डोळ्यांनी बघाव्या लागतात. कुठली पेशी कच्ची, कुठली आजारी, हे पुस्तकात दिलेलं असतं, पण डोळा बसायला शेकड्यांनी स्लाइड पाहाव्या लागतात. अशा स्लाइड मी जपून ठेवल्यात. त्यांचा डबा माझ्या ड्रॉवरमध्ये असतो आणि ड्रॉवरची किल्ली माझ्या पर्समध्ये. ती विचारते, ‘मी बघू?’ मी म्हणते, ‘नंतर.’ बाकी सगळं शिकवलं, एवढं एक ठेवलं. तुमच्यासारखं व्हायचं नाही, हे मी फार पूर्वीच ठरवलेलं होतं.

तुम्ही गव्हाच्या शेतांना पाणी देणाऱ्या त्या मोठाल्या फिरत्या यंत्रांच्या कंपनीत स्टोअरकीपर. बेअरिंग, बेल्ट, नोझल, सगळ्यांचे नंबर तुम्हाला तोंडपाठ. ऑफिसात काय चाललंय हे तुम्ही घरी कधी आणलं नाही. घरी आणायचात तो फक्त शुक्रवार. जुम्याची नमाज झाली आहे, जेवणं झाली आहेत, तुम्ही तो फिक्का निळा शर्ट चढवून मॅचला निघता. संध्याकाळची मगरिब झाली की परत. अम्मी स्वयंपाकघरात दम्मामहून आलेल्या बर्फातल्या सुरमईला मसाला लावते आणि त्या सुरमईला आणि तुम्हाला एकाच सुरात बोल लावते. मी जमिनीवर दस्तरखान पसरते. आपली टीम म्हणजे खजुराच्या बिया, समोरची टीम म्हणजे हरभरे, मिठाची डबी म्हणजे रेफ्री. आणि डावीकडचा तीन नंबर म्हणजे चिंचोका, कारण तो बाकीच्यांपेक्षा वेगळा दिसायला हवा असा माझा हट्ट. तो माझा आवडता. तुम्ही त्याचं इतकं सांगायचात. कॉर्नर असला की तो आधी खाली वाकून बुटाची नाडी बांधतो, मग बाही वर करतो. चिडका आहे, घाईचा आहे, पण डोकं आहे. ‘अजून चुकतो,’ तुम्ही म्हणता, ‘पण काल ज्या जागी चुकला तिथे आज नाय चुकला.’ टीम दर आठवड्याला हरते आणि तुम्ही मला फक्त चिंचोक्याचं सांगता.

लहान पोर असले तरी मी शेवटी फॅनच. मला जिंकायचं होतं. शाळेत सगळ्या मुलींचे क्लब रियाधचे, नाहीतर जेद्दाचे, मोठे, कप जिंकणारे. रोज मरे त्याला कोण रडे, तशी माझी गत. एका शुक्रवारी तुम्ही सांगितलंत की तीन नंबरने आज बॉल सरळ समोरच्याच्या पायात दिला आणि त्यावरच गोल बसला. ‘काढून टाका त्याला,’ मी म्हणाले आणि चिंचोका बोटाने उडवला. तो फ्रिजखाली गेला. तुम्ही मला कधी मारलं नव्हतंत, त्या दिवशीही नाही, पण आवाज असा चढला की अम्मी हातात झारा घेऊन दारात आली.

‘माणसाला काढून टाका म्हणायचा नाय,’ तुम्ही म्हणालात. ‘ते म्हणनारे दुसरे आहेत. ऊठ, त्याला शोध.’

मी पोटावर झोपून, झाडूच्या काडीने, रडत रडत तो चिंचोका बाहेर काढला. एका खेळाडूसाठी पोटच्या पोरीवर ओरडता, हे मी कितीतरी दिवस मनात ठेवलं. मग दोनेक महिन्यांनी तुम्ही दारातूनच हसत आत आलात. ‘आज तीन नंबरने मान वर न करता पास दिला. बरोब्बर जागेवर.’ टीम हरलीच होती, पण तुम्ही अम्मीला सगळ्यांसाठी चहा टाकायला लावलात, मलासुद्धा, आणि तिच्या कपाळावरची आठी बघितलीच नाहीत.

त्या वर्षाच्या शेवटी आपण बॅगा भरल्या. ‘इकामा वाढत नाय, खलास,’ एवढंच तुम्ही बोललात. तीन वर्षांनी गावीच तुम्ही गेलात. मयतीला आलेल्या काकांनी ओटीवर बसून चार लोकांत सांगितलं की शेवटच्या वर्षी याच्या हाताखाली एक सौदी पोरगा दिला होता, याने त्याला सगळं शिकवलं आणि त्यानेच याची खुर्ची घेतली. वर म्हणाले, साधा माणूस हो. साधा हा शब्द त्यांनी ज्या तोंडाने उच्चारला, तो मी आठ वर्षं याच देशात उशाला घेऊन झोपते आहे.

आणि गेल्या महिन्यात तोच सौदी पोरगा, आता बाप्या झालेला, माझ्यासमोर येऊन बसला. साखर तपासायला आला होता. पंचेचाळिशीचा, पोट सुटलेला, पायघोळ पांढऱ्या थोबाच्या खिशात दोन मोबाइल. बाही वर करता करता त्याने माझ्या कोटावरची पाटी वाचली, आपलं कोकणातलं आडनाव तोंडात दोनदा घोळवलं आणि आपल्या त्या गल्फच्या हिंदीत विचारलं, ‘स्टोअरवाला? तो तुझा बाप?’ सुई मी नेहमीपेक्षा जरा जोरात टोचली असेल. त्याने हात हलवला नाही. डोळे भरून आले होते, ते सुईमुळे नव्हते. मग दर दोन दिवसांनी लॅबच्या खिडकीशी यायला लागला, कधी खजूर, कधी कहवा. शेवटी म्हणाला, शुक्रवारी मॅचला चल, माझी बायको आहे, मुली आहेत, टीम नवी आहे, सगळी आपलीच पोरं. नाही म्हणायचं होतं. पण ज्या जागी तुम्ही बसायचात ती जागा एकदा बघायची होती, म्हणून हो म्हणाले, आणि जाताना तुमचा तो मफलर गळ्यात घातला, टीमच्या रंगाचा, माझ्या बाराव्या वाढदिवसाला दिलेला.

तिसरा गोल बसला तो डावीकडच्या पोराच्या चुकीने. एकोणीस वर्षांचं असेल, मिसरूड फुटलेलं. ‘काढा रे त्याला,’ मी उभी राहून ओरडले, चक्क मराठीत, आणि माझं मलाच ऐकू आलं तशी खाली बसले. शेजारी बसलेला हा तुमचा शागीर्द वळून बघत होता, पण माझ्या तोंडाकडे नाही, मफलरकडे. म्हणाला, ‘हा माझा आहे. टोकाला जळलेलं आहे बघ, ते माझ्या सिगरेटचं. शेवटच्या दिवशी मी तुझ्या बापाला दिला.’ मी म्हटलं, नाही, त्यांनी तो याच स्टेडियमच्या दारात विकत घेतला होता, एका मॅचला. तो गोंधळला. ‘मॅचला? तो इथे कधी आला?’

अब्बा, मग त्याने जे सांगितलं त्यावर मी अजून चिडलेली आहे. दर शुक्रवारी तुम्ही दोघं स्टोअरमध्ये असायचात. तुमच्या मुदीरसाहेबाने सांगितलेलं नव्हतं. तुम्हीच त्याला म्हणाला होतात की रोजच्या गर्दीत तुला काही येणार नाही, शुक्रवारी स्टोअर बंद असतं तेव्हा ये. सुट्टीच्या दिवशी, बिनपगारी, आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा. तो तर या टीमचा वेडा होता, एक मॅच चुकवायचा नाही, आणि तुम्ही त्याला बेअरिंगचे नंबर पाठ करायला बसवलंत. तो भांडायचा, मग रेडिओ लावून द्यायचात. मॅचचं अरबी तो तुम्हाला सांगायचा, नंबर तुम्ही त्याला. मी त्याला विचारलं, तू नाही का म्हणाला नाहीस, का यायचास? तो म्हणाला, ‘मी चिडायचो. तुझा बाप म्हणायचा, उद्या चुकीचा पार्ट गेला, यंत्र थांबलं, गहू जळला, तर लोक म्हणतील तो हिंदी माणूस घाण करून गेला. माझ्या मागे तसं कोणी म्हणायला नको.’

मी विचारलं, ते जाऊ दे, तेव्हाचा डावीकडचा तीन नंबर सांग, कॉर्नरच्या आधी नाडी बांधणारा. त्याने आठवून बघितलं. मान हलवली. तीन नंबर तेव्हा एक जाडा सुदानी होता म्हणाला, नाडीबिडी काही नाही. मग खाली बघून हसला. ‘नाडी मी बांधायचो. शिडीवर चढायच्या आधी. एकदा पडलो होतो ना, तुझ्या बापाने नियमच केला. आणि एक दिवस, वल्ला, मी रजिस्टर न बघता, वर न बघता बेअरिंग काढून दिलं. त्याने काम बंद केलं. थर्मासमधला सगळा चहा मला दिला.’

माझा आवडता खेळाडू या जगात कधी नव्हताच, आणि तो माझ्या शेजारी बसून भोपळ्याच्या बिया सोलत होता. किती मोठी फसवणूक केलीत तुम्ही माझी. मी त्या चिंचोक्यासाठी दुवा मागायचे, माझ्या बापाची जागा लवकर जावी म्हणून दुवा मागितल्यासारखंच झालं ना ते? मला सरळ सांगायचं होतंत. मी अकरा वर्षांची होते, पण मूर्ख नव्हते. ऐंशीव्या मिनिटाला मी उठले. तो म्हणाला, ‘बस, शेवटपर्यंत बस, पोरं नवी आहेत.’ मी म्हटलं, मला उद्या ड्युटी आहे. ड्युटी नव्हती.

घरी येऊन अम्मीला फोन लावला. तिने विचारलं, ‘काय झाला गो, जिंकले काय?’ मी सांगितलं, हरलो, तीन-एक, पण शेवटचा गोल आपला, अम्मी. नवा पोरगा आहे, डावीकडचा. आधी त्याच्याच चुकीने गोल बसला होता. पण फ्री किक मिळाली तेव्हा बॉलसमोर उभा राहून ओठातल्या ओठात मोजत होता, वाहिद, इथनैन, तलाता, आणि मग मारला तो भिंतीवरून, बरोब्बर कोपऱ्यात. मी पाच मिनिटं सांगत होते. अम्मी ऐकत राहिली. मग म्हणाली, ‘तुझे अब्बा पन असाच सांगायचे. दर शुक्रवारी शर्टाला ग्रीसचे डाग. मॅच बघून ग्रीस लागता काय गो? कपडे तर मीच धुवायचे.’ मी विचारलं, मग बोलली का नाहीस? ‘सांगताना खूश असायचे,’ ती म्हणाली. आणि मग, ‘नि हा तुझा पोरगा, शिकतोय काय?’

शिकतोय, मी म्हणाले.

आज शनिवार. हे लॅबच्या कोऱ्या फॉर्मच्या पाठीवर लिहिते आहे, ते याच पर्समध्ये राहील. उद्या सकाळी सातला ती मुलगी माझ्याआधी आलेली असेल आणि काहीतरी मोजत असेल. अब्बा, गोल झाला तेव्हा मी पार्किंगमध्ये होते. गाडीची किल्ली शोधायला पर्समध्ये हात घातला तर ड्रॉवरचीच हाताला लागली, आणि तेवढ्यात आत सगळं स्टेडियम ओरडलं. तो गोल मी पाहिलेला नाही.