बाकावर बोललो ते

३ ऑगस्ट, रविवार
पहाटे धाड् आवाजाने जाग आली. सुमन शांत झोपलेली. म्हणजे आवाज घरातला नव्हे, चाळीसेक वर्षांपूर्वीचा. पिंपरीतल्या आमच्या कंपनीत सायकल शेडच्या पत्र्यावर फुटबॉल आदळायचा, जेवणाच्या सुट्टीत. मागोमाग सलीमची हाक, "कविराज, बॉल आण." तो पत्रे दाबायच्या प्रेस शॉपमध्ये, मी हजेरीच्या टाइम ऑफिसात. पत्र्याला त्याच्या शॉटचे पोचे पडले होते, ते कोणी कधी सरळ केले नाहीत. शेड गेली, कंपनी गेली, तिथे आता टोलेजंग इमारती. आवाज तेवढा माझ्याकडे राहिला.

नंतर बाग. रविवारचा बाक. सलीम चाकणहून स्कूटरवर आला, कोंडिबा महाळुंग्याहून मुलाच्या गाडीतून. खालच्या मजल्यावरची प्राची आली नाही, हिंजवडीला सुट्टीचीही शिफ्ट. विषय आठवडाभर तोच. आमच्या लाल जर्सीच्या फुटबॉल क्लबने म्हातारा कप्तान विकावा की ठेवावा. क्लब इंग्लंडात, आम्ही निगडीत, आणि तावातावाने बोलणं असं की जणू सही आमचीच लागणार आहे.

आज मी एक वाक्य बोललो. सलीम उठून गेला.
पुढचं लिहवत नाही.

४ ऑगस्ट
लिहितो. इथेही लपवायचं तर वही कशाला.

मी कप्तान विकावा या बाजूचा. चौतिशी उलटली, गुडघे गेले, पळता येत नाही, नुसतं हात वर करून ओरडतो. सलीम म्हणाला, "गुडघ्यावरून विकायचं तर वहिनींनी तुला कधीच विकला असता. गिऱ्हाईक मिळालं नाही म्हणून राहिलास." कोंडिबाच्या हातातला चहा हिंदकळला इतका हसला. मीही हसलो. पण आत कुठेतरी लागलं. वादात स. मला नेहमी असाच हरवतो, हसवून.

मग निघाली क्लबच्या विक्रीची गोष्ट. आखातातला कुणी बडा गट क्लब विकत घेणार अशी बातमी होती. स. चा त्याला सक्त विरोध. म्हणाला, क्लब त्या गावाचा असतो, ज्यांनी गाव पाहिलं नाही त्यांनी तो काय चालवायचा. कोंडिबालाही ते पटलं. त्याच्या जमिनीवर आता कारखाना आहे. म्हणाला, मालक बदलला की पयली बांधावरची झाडं जात्यात. म्हणजे दोघे एका बाजूला, मी एकटा. आणि मी स. ला म्हणालो,

"तुला काय काळजी? तुमचेच लोक घेतायत. सांग त्यांना कप्तान ठेवायला."

कोंडिबा पुन्हा हसला. आधीच्या हसण्याच्या ओघात हसला असेल.

स. चिडला नाही. चिडला असता तर बरं. चहा संपवला, ग्लास टपरीवर नेऊन ठेवला, परत येऊन हेल्मेट उचललं. "तुमचे लोक," एवढंच म्हणाला, हळू, शब्द तोंडात घोळवून बघितल्यासारखं. आणि गेला.

त्याच्या सात पिढ्या चाकणच्या. आखात सोडा, त्याने कधी विमानतळ पाहिलेला नाही.

संध्याकाळी मोबाइलवर, आमच्या बाकाच्या व्हॉट्सॲप गटावर: सलीम यांनी गट सोडला.

६ ऑगस्ट
सुमनला सांगितलं. भाजी निवडत ऐकत होती. मी पुष्कळ पाल्हाळ लावलं: वाद कसा होता, ओघात कसं निघून गेलं, मनात कसं काहीच नव्हतं. सगळं ऐकून म्हणाली, "हे मला कशाला? त्यांना सांगा." आणि कुकर लावायला उठली.

मनात काहीच नव्हतं हे खरं आहे का? दिवसभर हाच विचार. मनात नव्हतं तर इतकं तयार कसं बाहेर आलं? चाळीस वर्षांत कधी उच्चारलं नाही, पण कुठेतरी घडी करून ठेवलेलं असणार. हरायला लागलो तेव्हा बरोबर हाताला लागलं.

१० ऑगस्ट, रविवार
स. आला नाही. प्राचीने विचारलं, "सलीमकाका कुठेत?"
मी म्हणालो, त्याच्या गॅरेजमध्ये काम वाढलंय.
कोंडिबा स्वतःच्या वहाणांकडे बघत बसला.

प्राची बातम्या वाचून दाखवते, आमचं इंग्रजी बेताचं. आज वाचलं की आखातातल्या गटाची ती बातमीच खोटी. क्लब घ्यायला पुढे आलाय तो अमेरिकेतला कुठला तरी फंड. कोंडिबा म्हणाला, "म्हंजी गोरंच निघालं." कोणी हसलं नाही.

क्षणभर वाटलं, बरं झालं, आता स. ला फोन करून सांगावं की बातमी खोटी होती. मग माझीच मला लाज वाटली. बातमी खरी असती तर काय माझं बोलणं खरं ठरलं असतं?

आता मॅनेजरलाही काढणार म्हणतात. प्राचीच्या मते कप्तान विकण्यावरून मॅनेजर आणि संचालक यांच्यात बोलणंच बंद आहे. दोघे एकाच इमारतीत बसतात आणि वकिलामार्फत बोलतात. हसू आलं. मी तेवढंही करत नाही.

१३ ऑगस्ट
सकाळपासून पाचवीच्या पुस्तकातली नदीची कविता म्हणून बघतोय. तिसऱ्या कडव्याची दुसरी ओळ गेली. माझी शाळा देहूची, स. ची चाकणची. शाळा वेगळ्या, पुस्तक एकच. सायकल शेडमध्ये डबे उघडले की आमची पैज: मी पहिली ओळ म्हणायची, त्याने दुसरी. तो कधी अडला नाही. मी बऱ्याचदा अडायचो. गुरुजींच्या छडीने मला पाठ झालं, त्याला नुसतं ऐकून.

ती ओळ आता एकाच माणसाकडे आहे आणि त्याला मी

दुपारी बसून माफीची कविता केली. सहा कडवी, यमकं सगळी जुळलेली. चार वाजता वाचून पाहिली. माझं दुःख, माझी झोप, माझे डोळे, माझं एकाकीपण. स. फक्त शेवटच्या कडव्यात, तोही मला क्षमा करायला. फाडली. बारीक तुकडे केले, सुमनला जुळवता येऊ नयेत म्हणून.

१७ ऑगस्ट, रविवार
बाकावर मी आणि कोंडिबा दोघेच. चहा घेऊन झाला. मग तो म्हणाला, "मी जाऊन आलो."
"कुठे?"
"सलीमभाईकं. ट्रॅक्टरचं निमित्त केलं. म्हनलं, मी हसलो त्ये चुकलं माझं. आपल्याला बोलायची अक्कल न्हाई, हसायची तरी पायजे व्हती."
"मग?"
"मग काय. च्या पाजला. कप्तानाचं इचारलं."
"माझं काही?"
"न्हाई. तुमचं नाव न्हाई काढलं त्यानं. मीबी न्हाई काढलं. त्ये तुमचं तुमी बगा, राव."

चौथीपर्यंत शिकलेला माणूस. नुसता हसला होता, तर दोन आठवड्यांत जाऊन मोकळा झाला. मी बोललो होतो आणि मी कविता फाडतोय.

२० ऑगस्ट
चाकणला गेलो.

बसमध्ये वाक्य तयार केलं. साधं, एकच. "सलीम, मी चुकलो." महामार्गावर कंटेनरांची रांग, तासभर गाडी हलेना. तेवढ्यात त्या वाक्याला फाटे फुटत गेले. चाकणला उतरलो तेव्हा माझ्याकडे भाषण होतं.

गॅरेज रस्त्याच्या पलीकडे. दारात एक टेम्पो जॅकवर चढवलेला. खाली स., पाय फक्त बाहेर. निळी प्लॅस्टिकची चप्पल, टाच झिजलेली. एक पाय ठेका धरल्यासारखा हलत होता. मोबाइलवर काहीतरी लागलेलं, फुटबॉलचं समालोचन असावं.

इकडच्या बाजूला उभा राहिलो. पाच मिनिटं, दहा असतील. केळीवाल्याने दोनदा विचारलं, काका, काय देऊ? काहीतरी बोलायचं म्हणून अर्धा डझन घेतली. मग तो पाय थांबला. तो बाहेर येतोय असं वाटलं.
मी केळी घेऊन बस स्टॉपकडे चालायला लागलो. जोरात. या वयात.

घरी सुमनने केळी पाहिली. "चाकणची केळी?" म्हणाली. तिला तिकीट दिसलं असणार, शर्टाच्या खिशातून डोकावत होतं.

२४ ऑगस्ट, रविवार
बाकावर गेलो नाही. अंगात कसर आहे असं गटावर कळवलं. हे दुसरं खोटं.

दुपारी जिन्यात प्राची. मी म्हणालो, काय गं, कप्तानाचं काय? तिने नेहमीसारखं सगळं सांगितलं. इटलीतल्या एका क्लबने मागणी घातलीय, मॅनेजर नको म्हणतोय, संचालक विका म्हणतायत, एक तारखेला खेळाडू विकायची मुदत संपते. सांगताना माझ्याकडे बघत नव्हती. दोन पायऱ्या उतरली आणि थांबली.
"काका, सलीमकाकांच्या गॅरेजमध्ये काम वाढलेलं नाहीये ना?"
मी मान हलवली. कशी हलवली देव जाणे, हो की नाही.
"मला कोंडिबाकाकांनी सांगितलं," म्हणाली आणि उतरून गेली.

सत्तरी ओलांडलेल्या माणसाची मान खाली जायला दोन पायऱ्या पुरतात.

२७ ऑगस्ट, गणेश चतुर्थी
गणपती बसले. आरास नेहमीची, मागे चाक.

त्या चाकाचं: स. ने कंपनी सोडून गॅरेज टाकलं त्या वर्षी करून दिलं. भंगारात गेलेल्या टेम्पोच्या वायपरची मोटार, तिला सायकलचं दातेरी चाक, त्यावर सोनेरी कागद. बाप्पाच्या मागे मंद गोल फिरायचं. बाजारातल्या चाकांसारखं घुर्र करत नाही, आवाजच नाही. दरवर्षी आदल्या दिवशी तो येतो, मोटार उघडतो, ग्रीस घालतो, दुसऱ्या दिवशी येऊन सुमनच्या हातचे पाच मोदक खातो आणि सहावा खिशात घालून बायकोला, जुबेदाभाभींना नेतो. दरवर्षी. त्याच्या घरात लग्न होतं त्या वर्षीसुद्धा.

काल आला नाही. मी बटण दाबलं. मोटार कण्हली, चाक वीतभर सरकलं आणि थांबलं.

सुमनने मोदक केले. सहा वेगळे काढलेले दिसले. 

२९ ऑगस्ट
शेजारपाजारचे दर्शनाला येतात. प्रत्येकजण विचारतो, या वर्षी चाक फिरत नाही वाटतं? मी म्हणतो, मोटार गेलीय.
एकजण म्हणाला, नवीन मिळते की बाजारात. मी म्हणालो, मिळते.

आज स्वतः उघडून पाहिली. तीन स्क्रू निघाले, एक घरंगळून फ्रिजखाली गेला. आतून वाळलेल्या ग्रीसचा वास आला, तोच, प्रेस शॉपच्या दारात यायचा तो. मी नुसता बसून राहिलो. सुमन म्हणाली, काय झालं? म्हटलं, काही नाही, स्क्रू गेला.

फोन हातात घेतला. त्याचं नाव काढलं. ठेवला. पुन्हा काढलं.
उद्या नक्की.

३० ऑगस्ट
नाही केला.

३१ ऑगस्ट, रविवार
पाच दिवसांचे गणपती, आज विसर्जन. कप्तानाचं अजून कळलेलं नाही. उद्यापर्यंत मुदत. बाकावर आजही गेलो नाही, विसर्जनाचं निमित्त.

सकाळी साडेअकरा वाजता बेल वाजली. कोंडिबा असेल म्हणून दार उघडलं. दारात जुबेदाभाभी. एकट्या. तीन मजले, लिफ्ट नाही, आणि त्यांचे गुडघे असे की गेली पाचसहा वर्षं त्या आमच्याकडे वर आलेल्या नाहीत. कठड्याला धरून उभ्या होत्या, धाप लागलेली, हातात कापडी पिशवी. मी बाजूला झालो. सुमन धावत आली, हात धरून आत घेऊन गेली, खुर्चीत बसवलं. भाभींनी आधी बाप्पाला हात जोडले, मग मागच्या चाकाकडे पाहिलं, मग पिशवी माझ्याकडे दिली. आत मोटार. वायपरचीच, दुसऱ्या टेम्पोची, पण तारेची नवी गुंडाळी केलेली.

"सलीम?" मी म्हणालो.
"खाली रिक्षात बसलेत. वर येत नाहीत."
सुमनने पाण्याचा तांब्या पुढे केला. भाभी पाणी प्यायल्या, त्यांनी पदराने तोंड पुसलं.
"म्हणाले, ग्रीसशिवाय चाक थांबलं असणार, ही मोटार दे. मी म्हटलं बसवणार कोण? तर म्हणाले, ते कविराजला विचार." मग म्हणाल्या, "भाऊ, त्या दिवशी गाडीखालून त्यांना तुमचे बूट दिसले होते. कापडाचे, अंगठ्याजवळ कापलेले. सगळा वेळ दिसत होते. म्हणाले, आता येतो, मग येतो म्हणून मी स्क्रू पिळत पडून राहिलो, घट्ट झालेला परत सैल केला, परत पिळला. बाहेर आले तर तुम्ही नाही."

मी म्हणालो, आलोच, शर्ट बदलतो. आणि आत आलो.

शर्ट बदलून झालाय. वही उघडली ती का, मला माहीत नाही. बाहेर भाभी आणि सुमन काहीतरी बोलतायत, हळू, मोदकांबद्दल असावं. खिडकीतून रिक्षाचं टप दिसतं, आणि बाहेर काढलेला एक पाय. निळी चप्पल. हलत नाही.

जिन्याला चोपन्न पायऱ्या. एक वाक्य पुरे आहे, फाटे फुटू द्यायचे नाहीत.
रिक्षावाल्याने हॉर्न दिला. सुमन हाक मारतेय, अहो, किती वेळ