शेठ जेवला का?

१२ जून १९९६, बुधवार

मजकूर दुपारच्या टपालाने गेला. (दमट हवेत कपडे कसे वाळवावेत. दोन कॉलम. लिहिताना स्वतःलाच जांभई.)

संध्याकाळी हे रिक्षाने आले. रिक्षाने! एरवी बसशिवाय बात नाही. मांडीवर पिंजरा, पिंजऱ्यात पोपट. कापड विणायचं कतारगामचं खातं आज कायमचं बंद. मालकाने सगळे लूम भंगारात काढले. तिथे हे तीस वर्षं लूमचे मास्तर. बाकीच्यांनी आठवण म्हणून कुणी घड्याळ नेलं, कुणी पंखा. ह्यांनी पोपट आणला. कारागिरांनी पाळलेला, लूमच्या वर वाशाला टांगलेला असायचा. नाव शेठ.

"शेठ कशाला?"

"वर बसतो, ओरडतो, काम काही करत नाही. म्हणून."

सांगताना चेहरा कोरा. मागची खोली शांत आहे म्हणून पिंजरा तिथे ठेवला. मागची खोली म्हणजे माझं टेबल, माझा टाइपरायटर. मला विचारलं नाही. असो.

१३ जून

शेठने दिवसभर काही खाल्लं नाही. पिसं फुगवून, मान खांद्यात घालून बसलाय. पाणी तेवढं प्यायला. हरभऱ्याची डाळ भिजवून ठेवली होती, तशीच आंबली.

त्याला त्रास नको म्हणून मशीन स्वयंपाकघरात हलवलं. खिडकी लावली, पिंजऱ्यावर जुनी ओढणी टाकली, दार लोटून घेतलं. खालच्या मजल्यावरच्या हंसाबेन बघायला आल्या.

"मरचुं आपो बेन, लीलुं मरचुं! बोले छे के नहीं?"

म्हटलं हिरवी मिरची देऊन बघते, पण बोलत नाही, खातही नाही.

"तो पछी करे छे शुं?"

खरंच, करतो काय?

ह्यांनी सकाळी नेहमीच्या वेळेला डबा मागितला. मग आठवलं. मी तरीही भरून दिला. गॅलरीत स्टुलावर बसून खाल्ला.

१५ जून, शनिवार

पुण्याहून कुमुदताईंचं पत्र. दिवाळी अंकाला हात हवा आहे. ऑगस्ट-सप्टेंबर, त्यांच्याच घरी राहायचं. "तुझ्या लाल पेन्सिलीची आठवण आम्ही अजून काढतो. जुलैच्या मध्यापर्यंत कळव."

पुन्हा पुन्हा वाचलं. लग्न होऊन सुरतेला आल्यापासून अंकाच्या टेबलाशी बसलेले नाही. टपालाने मजकूर जातो, टपालाने छापून येतो. पलीकडच्या माणसांचे चेहरेही ठाऊक नाहीत.

ह्यांना सांगितलं. "जा की," म्हणाले आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

म्हणजे जा म्हणाले. पण

१८ जून

शेठ डाळीचे दोन-चार दाणे टिपतो, बस्स. छातीचं हाड बोटाला लागतं.

बापू आला. खात्यातला कारागीर, अमळनेरकडचा, आता उधन्यात दुसऱ्या खात्यात लागलाय. शेठ पिल्लू असताना झाडाखालून त्यानेच उचलून आणलेला.

"मग तूच का नाही नेलास?"

"वहिनी, एक खोलीमा आम्ही आठ जण. शेठले कुठे झोपाडू, मन्हा डोकावर?"

शेठने त्याच्या बोटाला चावा घेतला. बापू खूश. "वळखस अजून!" मग ह्यांना म्हणाला, "मास्तर, तुम्हीबी वाळी गयात. दोन्हीस्ना उपास चालू शे का?"

हे हसले. दोघांचं सगळं बोलणं ओरडून, मधे लूम चालू असल्यासारखं. खालून हंसाबेनने हाक मारून विचारलं, झगडो तो नथी ने?

बापू गेल्यावर घर एकदम रिकामं वाटलं. हे म्हणाले, "कानात अजून चालूच असतं. रात्री जास्त."

१९ जून, बुधवार

आज मजकूर जायलाच हवा होता आणि मोरीचा पाइप फुटला. स्वयंपाकघरात पाणी, प्लंबर, त्याची शिडी. मशीन उचलून मागच्या खोलीत आणलं. शेठची माफी मागून सुरू केलं.

पहिला परिच्छेद झाला असेल, मागे काहीतरी कुरतडल्यासारखा आवाज. उंदीर वाटला. ओढणी उचलून बघते तर शेठ दांडीवरून खाली उतरून वाटीत चोच घालून बसलेला. मी थांबले. तो थांबला. एक डोळा माझ्यावर. पुन्हा टाइप करायला लागले, पुन्हा चोच वाटीत.

लेख संपला तरी थांबवेना. नुसतीच बाराखडी बडवत राहिले. डाळ संपली, मिरची संपली.

इतके दिवस त्याला शांतता देत होतो आम्ही! लूमच्या खडखडाटात वाढलेला जीव. आवाज बंद म्हणजे त्याच्या लेखी जगाचंच काही बिघडलेलं.

२० जून

ह्यांना दाखवलं. दारात उभे राहून बघत होते. मी टाइप करतेय, तो खातोय.

"खात्याचा आवाज," म्हणाले. नंतर म्हणाले, "पण तुझे लूम फार हळू चालतात."

खातं बंद झाल्यापासून पहिली थट्टा.

२५ जून

सकाळ-संध्याकाळ शेठचं जेवण, म्हणजे माझं टायपिंग. मजकूर पुरत नाही. पाढे झाले, श्रीखंडाची कृती झाली, माहेरच्या सगळ्यांची नावं झाली, मेलेल्यांसकट. बोटांची पेरं दुखतात.

जेवणानंतर त्याला खोलीत मोकळं सोडायचं. तेवढा वेळ छताचा पंखा बंद, नाहीतर पात्यात सापडेल. खिडक्या बंद, नाहीतर बाहेर कावळे आहेत. सुरतेचा हा उकाडा, तीन जीव एका बंद खोलीत. घाम कोपरावरून कागदावर. एक उपमा केव्हाची समोर येऊन बसली आहे. वापरणार नाही. सगळ्यांची वापरून झालेली आहे.

हंसाबेन: "आखो दिवस टक टक शुं करो छो, बेन?"

म्हटलं, पोपटाला जेवायला घालतेय. त्यांनी मान डोलावली, आणि संध्याकाळी लिंबाचं लोणचं पाठवलं. डोकं फिरलंय असं वाटलं असावं.

२९ जून, शनिवार

कामरेजला गेले होते. पापडाच्या कारखान्यातल्या बायकांवर लेख करायचाय. चांगल्या बोलल्या. संध्याकाळी परत.

सकाळी भरलेली वाटी तशीच भरलेली.

"शिवलासुद्धा नाही," हे म्हणाले. "रेडिओ लावला, भांडी वाजवली. नाही म्हणजे नाही. तुझंच मशीन लागतं त्याला."

हातपाय न धुता बसले आणि टाइप केलं. थोडंसं खाल्लं त्याने. वाईट वाटलं. आणि, लिहून टाकते, जरा बरंही वाटलं.

पुण्याला काय कळवू?

४ जुलै

शेठ ओळीच्या शेवटी वाजणारी घंटी शिकला. टिंग! मी लिहीत नसतानाही टिंग. ओळ संपलेली नसताना टिंग. दचकून हात मशीनकडे जातो. पंधरा वर्षांपूर्वी विकत घेतलेलं मशीन, दांडी मी सरकवायची आणि घंटी तो वाजवणार.

पिसं आता अंगाला बसलीत. डोळ्यात चमक आली. रुळला म्हणायचा.

६ जुलै, शनिवार

चौटा बाजारात जाऊन आले, बराच वेळ लागला. पुन्हा वाटी भरलेली.

ह्यांना सरळ विचारलं, "दोन महिन्यांचं काय करायचं?"

"मी जा म्हणतोच आहे."

"आणि शेठ?"

"मेला तर मेला. पक्षीच आहे." असं म्हणून उठले आणि पिंजऱ्यातलं पाणी बदलायला गेले.

पिंजरा घेऊनच पुण्याला जावं काय? कुमुदताईंकडे मांजर आहे. बापूच्या खोलीत आठ माणसं. हंसाबेन 'पोपट मोकळाच बरा' म्हणतात, पण ह्याचा जन्म वाशाखाली गेला. बाहेर एक दिवस टिकणार नाही. सगळ्या बाजूंनी विचार करून झाला. सगळ्या बाजू मागच्या खोलीत येऊन थांबतात.

९ जुलै, मंगळवार

नीट लिहायला हवं.

दुपारी बँकेत निघाले. कोपऱ्यापर्यंत गेल्यावर लक्षात आलं, पासबुक घरीच. परत आले. किल्ली माझ्याकडे होती, मी दार उघडलं. ह्यांना ऐकू गेलं नाही. इतकी वर्षं लूमपाशी काढल्यावर कुलपाचा आवाज कानावर येत नाही.

मागच्या खोलीचं दार अर्धं उघडं. टाइपरायटरवर झाकण. रेडिओ बंद. हे खुर्चीत पाठमोरे, शेठ खुर्चीच्या हातावर, आणि ह्यांच्या तळव्यातली डाळ खातोय. आरामात. एक दाणा, मग मान वर, मग दुसरा. घरात कसलाही आवाज नाही. आणि हे त्याच्याशी हळू बोलत होते. इतक्या हळू आवाजात ह्यांना बोलताना मी कधी ऐकलेलं नाही.

"आटप, शेठ. ती येईल आता. मग तुला उपाशी दिसायचंय."

शेठने मला पाहिलं. पुढचा दाणा उचलला.

पासबुक न घेता पाय न वाजवता बाहेर आले, खाली हंसाबेनकडे जाऊन बसले. त्यांनी चहा टाकला. गच्चीवर जाता-येता कानावर पडतं म्हणून स्वतःहूनच म्हणाल्या, "तमे बहार जाओ ने, एटले भाई पोपट साथे वातो करे छे. आखी बपोर. मने तो गमे छे, बेन. पहेलां तो कंई बोलता ज नहोता."

म्हणजे मी गेल्यावर दुपारभर बोलतात. हंसाबेनला माहीत आणि मलाच

वर जाताना मुद्दाम बेल वाजवली, दोनदा. दार उघडायला वेळ लागला. वाटी काठोकाठ.

"काही खाल्लं नाही आजही," हे म्हणाले.

१० जुलै

राग आहे. कामरेज, चौटा बाजार, दोन्ही वेळा ह्याच वाटीने मला बनवलं. आणि मी बोटं दुखवत मेलेल्या आत्याबाईंची नावं टाइप करत बसले.

संध्याकाळी नेहमीसारखी मशीनपाशी बसले. शेठने एक दाणा उचलला आणि टाकला. पोट भरलेलं होतं. हे दारात उभे. मी टाइप करत राहिले. काय करणार?

'जाऊ नकोस' म्हणाले असते तर भांडले असते, आणि भांडून गेले असते. 'जा' म्हणतात, त्यामुळे भांडायला जागाच नाही. रिकाम्या घराची भीती वाटते हे ह्या माणसाच्या तोंडून या जन्मी निघणार नाही. कारागीर आजारी पोरापायी घरी गेला आणि लूम बंद राहिला, तरी मालकाला "पट्टा तुटलाय" एवढंच सांगायचे.

हे सगळं समजतं. समजतं म्हणूनच अडकायला होतं.

१२ जुलै

मजकूर गेला. पापडवाल्या बायका चांगल्या उतरल्या. पुण्याला अजून काही कळवलेलं नाही. उत्तर दोन वेळा लिहिलं, एकदा हो, एकदा नाही. दोन्हींची भाषा सारखीच चांगली झाली आहे, हा इतक्या वर्षांच्या सरावाचा दोष.

तोंडावर सांगू का, की पाहिलं? सांगितलं तर हे पोपटाशी बोलणंही बंद करतील. मग ह्या घरात उरेल काय, टिंग?

१४ जुलै, रविवार

सकाळी चहानंतर ह्यांना मागच्या खोलीत बोलावलं. मशीनपुढची खुर्ची ओढली.

"बसा. शिकवते."

"मला?"

"मी नसताना कुणीतरी वाजवायला हवं ना. नाहीतर मरेल तो."

माझ्याकडे पाहिलं. मी ओढणीची घडी घालत होते.

"मला मराठी धड लिहिता येत नाही," म्हणाले.

"शेठला वाचता येत नाही."

बसले. एकेक बोट उचलून, देवाला फूल वाहावं तसं. क. क. क. मग म. मी म्हटलं, जोरात, खात्यात असल्यासारखं. मग दोन्ही हातांनी बडवलं. शेठ खाली उतरला, मिरची उचलली.

"बघा, खातो," मी म्हटलं.

"हो, खातो," हे म्हणाले. कपाळावर घाम. पंखा चालू होता.

१५ जुलै, सोमवार

हो लिहिलेलं पाकीट पर्समध्ये आहे. तिकीट लावलंय, तोंड चिकटवलेलं नाही. टपाल साडेचारला निघतं.

दुपारी मी न सांगता हे स्वतःच मशीनपाशी बसले. चष्मा लावून. मी दाराशी मेथी निवडत होते. कागदावर एक ओळ, मग दुसरी, एकही शब्द नाही. शेठ वाटीच्या काठावर बसून डाळ खात होता.

"किती दिवस वाजवायचं हे?" मान न वळवता विचारलं.

"तो जेवेपर्यंत."

थोड्या वेळाने बोटं थांबली. दमले असतील, किंवा बघायचं असेल. खोली एकदम गप्प. शेठने मान वर केली नाही. दाणा उचलला, फोडला, टरफल खाली टाकलं, पुढचा उचलला.

हे त्याच्याकडे बघत होते. मग माझ्याकडे बघितलं. मी मेथीच्या जुडीकडे बघितलं.

सव्वाचार होत आले होते. ह्यांनी तळहात पायजम्याला पुसले, आणि पुन्हा सुरू केलं, आधीपेक्षा जोरात.